नंतर आलेला आधी आत का?

नायगावच्या ग्रामीण रुग्णालयात तापाचा रुग्ण रांगेत बसलेला असतो. छातीत कळ आलेला मागून येतो आणि थेट आत जातो. हा अन्याय नव्हे, ट्रायेज आहे, म्हणजे आजार किती गंभीर त्यानुसार क्रम लावणं. पावसाची सर आली की शेतकरी आधी उघड्यावरचं सोयाबीन झाकतो, गोठ्यातला कडबा नंतर बघतो, तसंच हे. श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध तपासून गट पाडतात: लाल म्हणजे तात्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. ही रीत जुनी आहे: नेपोलियनचा शल्यविशारद लारे सैनिकाचा हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावत असे.

धाप लागली, तोंड वाकडं झालं, साप चावला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. रांगेत त्रास वाढला, तर लगेच परिचारिकेला सांगा. हिरव्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.