वाडग्याला तेलाचे हात

आंब्याचा वाडगा लेथवरून उतरला की आधी त्याची कड फिरवून बघावी. ओंडका उभा चिरून त्याच्या अर्ध्या भागातून वाडगा कातला जातो. त्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजूंवर लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि उरलेल्या दोन बाजूंवर रेषा आडव्या पळतात. उघड्या तोंडांवर तेल लावलं की ते झटकन आत जातं आणि लाकूड काळवंडतं. शेजारी चार बोटांवर तेच तेल वर बसून राहतं. एकाच भांड्याचे हे दोन स्वभाव सांभाळत त्याला शेवटचा हात द्यायचा असतो. कातकामातला हा टप्पा बहुतेक जण घाईत उरकतात. वाडग्याचं पुढचं आयुष्य मात्र त्यावरच ठरतं.

कोणतं पॉलिश लावू, असं नवशिके विचारतात. त्याआधी या वाडग्यात काय पडणार, ते ठरवायला हवं. सुकामेवा, फळं, कोशिंबीर की गरम आमटी? त्याहून मोठा प्रश्न असा, की लावलेला थर झिजला की तो पुन्हा कोण लावणार? माझं मत ठाम आहे. ज्याच्या घरात वाडगा वापरला जाणार, त्याला स्वतःच्या हाताने जो थर पुन्हा देता येईल, तोच जेवणाच्या भांड्याला द्यावा. आपल्याकडच्या काठवटीवर कोणी कधी पॉलिश केलं नाही. पिठाने, पाण्याने आणि रोजच्या पुसण्याने तिचं लाकूड गुळगुळीत होत गेलं आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

थर देण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण चुकवता येत नाही. पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२० असा चढत जायचा आणि मधला नंबर गाळायचा नाही. १२० चे ओरखडे ४०० ने जात नाहीत, उलट चकाकीत जास्त उठून दिसतात. मग ओल्या फडक्याने वाडगा पुसून वाळू द्यायचा. पाणी लागल्यावर लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात, ते शेवटच्या पेपरने हलकेच कापायचे. हे आत्ता केलं नाही, तर पहिल्याच धुण्यात वाडगा खरखरीत होतो. पॉलिश लावताना लेथ फिरत असेल तर कापड वापरू नये. ते गुंडाळलं गेलं तर बोटं सोबत ओढली जातात. टिश्यू पेपर फाटतो आणि हात सुटतो.

आता तेल. घरात सहज मिळतं म्हणून पुष्कळ जण खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावतात. दिसतं छान, पण ही तेलं वाळत नाहीत. वाळणारं तेल हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचं घट्ट, न वितळणारं जाळं होतं. तेल वाळेल की नाही, हे त्याच्या आयोडीन अंकावरून कळतं. खोबरेलाचा अंक दहाच्या आसपास, शेंगदाण्याचा शंभराच्या मागेपुढे. १३० च्या वर गेलेली तेलं साधारण वाळतात. जवसाचा अंक १७० च्या वर जातो, म्हणून जगभरच्या रंगकामात आणि सुतारकामात जवसाला मान आहे. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते. तेच बी लाकडालाही उपयोगी पडतं. करडईचं तेलही १४० च्या आसपास असतं. ते जवसापेक्षा हळू वाळतं, पण कमी पिवळं पडतं. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात करडईचं तेल वापरतात ते त्यामुळेच. शिवणीसारख्या फिकट लाकडाच्या वाडग्याला मी करडईच सुचवेन.

दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल जेवणाच्या भांड्याला नको. ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात. घाण्याचं शुद्ध जवस तेल वाळायला वेळ घेतं, तो द्यावा. पहिला हात सढळ लावायचा, उघड्या तोंडांवर पुन्हा पुन्हा. दहा-पंधरा मिनिटांनी जे आत गेलं नाही ते सगळं, अगदी सगळं, पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल चिकट सायीसारखं होतं आणि मग काही केल्या सुकत नाही. दुसरा हात पहिला वाळल्यावर, तिसरा त्यानंतर, प्रत्येक पहिल्यापेक्षा पातळ. वाडगा पूर्ण वाळून वापरात यायला काही आठवडे जातात, पावसाळ्यात जास्तच. तेलाचा वास पूर्ण गेला, की वाळलं असं समजावं.

तेल पुसलेल्या फडक्यांबद्दल मात्र काळजी हवीच. तेल वाळताना उष्णता सोडतं. चुरगळून टाकलेल्या बोळ्यात ती अडकते, वाढते आणि फडकं आपोआप पेट घेतं. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अशाच जवस तेलाच्या फडक्यांनी आग लावली. ती विझवताना तीन अग्निशमन जवान गेले आणि इमारत पुढे पाडावी लागली. फडकी उलगडून दोरीवर मोकळी वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. कातारी असो वा घरी छंदाने लेथ चालवणारा, हा नियम दोघांनाही सारखाच.

तेलानंतर लाखेकडे वळावंच लागतं, कारण लेथवर लाख लावण्याची कला आपल्या देशात जितकी पुढे गेली, तितकी क्वचितच कुठे गेली असेल. लाख हा एका बारीक किड्याचा स्राव. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात; झारखंड हा या पिकाचा मोठा पट्टा, आणि रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन होत आलं आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात आणि आंध्रातल्या एटिकोप्पाक्यात कारागीर लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतो. घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाची पट्टी दाबून धरली की थर एकसारखा होतो आणि आरशासारखा चमकतो. दोन्हीकडे लाकूड एकच, आपल्याकडचा काळा कुडा: पांढुरका, बारीक पोताचा, लाखेला धरून ठेवणारा. गुजरातेत संखेड्याला सागावर लाख चढते. सावंतवाडीच्या गोल गंजिफांनाही, म्हणजे खेळायच्या पत्त्यांनाही, परंपरेने लाखेचा थर देत आले आहेत.

लेथवरच्या लाखकामात ब्रश नाही, द्रावण नाही, वाळण्याची वाट पाहणं नाही. काही मिनिटांत वाडगा तयार होतो. सुतारांकडे हीच लाख चपड्याच्या रूपात येते, स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने चढवली जाते. हे द्रावण लागेल तेवढंच करावं. जुनं झालं की ते नीट कडक होत नाही. लाख पोटात गेली तरी अपाय होत नाही, गोळ्यांवर आणि मिठाईवर तिचा लेप असतोच. तिचा खरा दोष उष्णतेचा: ७५-८० अंशांना ती मऊ पडते. गरम आमटी, दारू, सोड्याचं पाणी यांतलं काहीही तिला सोसत नाही. ओला पेला ठेवला तर पांढरं वळं उमटतं. म्हणून लाखेचा वाडगा सुक्या वस्तूंचा: सुपारी, बदाम, कुंकू. तिथे तिच्या तोडीचं दुसरं काही नाही.

गरम पातळ अन्नासाठी लाकडाला टिकाऊ थर द्यायची सगळ्यात खोल विद्या जपानकडे आहे. तिथे मिसोचं गरम सूप लाकडी वाडग्यातून पितात आणि त्यावरचा थर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचा असतो. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं, त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला की बिब्बा उततो तसंच होतं. हा चीक वाळायला कोरडी हवा चालत नाही, ७०-८० टक्के दमट हवा लागते, कारण त्यातलं एक विकर ओलाव्यातच काम करतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये ते विकर शोधलं. आपल्या कोकणाची पावसाळी हवा त्याला मानवेल, असं मला नेहमी वाटतं. तिथे काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला वाळवीपासून वाचवायला वापरतात. त्याच कुळातलं तेल, पण अन्नाच्या भांड्याला ते लावू नये, कातडी भाजते.

फर्निचरच्या दुकानात मिळणाऱ्या मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशबद्दल थोडक्यात सांगतो. टेबलाला ती उत्तम. वाडग्यात चमचा फिरतो, सुरी लागते, कुठेतरी बारीक चरा पडतोच. त्यातून पाणी थराखाली शिरतं, लाकूड फुगतं आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. मग सगळा खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि ते घरी होत नाही.

मेण एकट्याने पुरत नाही. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, बोटांचे ठसे धरतं. पण तेल वाळल्यावर वर मेणाचा पातळ हात दिला तर हाताला छान लागतं.

थर कोणताही असो, लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. वाडगा रेषांच्या आडव्या दिशेला आकसतो, रेषांच्या लांबीत मात्र जवळजवळ नाहीच, म्हणून गोल कातलेला वाडगा पुढे थोडा लांबट होतो. त्यावर पॉलिश हा उपाय नाही. कातण्याआधी लाकूड नीट वाळवणं हाच उपाय. तेलाचा वाडगा कोमट पाण्याने, चिमूटभर साबणाने धुवावा, लगेच पुसावा आणि उपडा न ठेवता दोन्ही बाजूंना वारा लागेल असा उभा ठेवावा. भिजत घालू नये. पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा थांबायचा बंद होऊन पसरू लागला, की पुन्हा तेलाचा एक पातळ हात द्यायची वेळ झाली.