परक्या घरातली उमेदवारी

धर्मसेवा शिकायची तर वर्ग, ग्रंथ आणि पदवी यांच्याबरोबर एखादं नांदतं घरही लागतं, ही ख्रिस्ती समाजातली जुनी समजूत आहे. त्यामुळेच विशी-पंचविशीतली मुलंमुली आजही काही महिने किंवा एक-दोन वर्षं परदेशातल्या मिशनरी कुटुंबाकडे राहायला जातात. तिथली भाषा कानावर पडू देतात, शाळेत-दवाखान्यात पडेल ते काम करतात आणि आपल्याला खरंच पाचारण आहे का, हे काम जन्मभर झेपेल का, याचा अंदाज घेतात. या रीतीचे धागे महाराष्ट्रात खोलवर गुंतलेले आहेत. मुंबईतली मराठी छपाई, कोल्हापूरचं एक मिशनरी घर आणि केडगावचं मुक्ती मिशन या तिन्ही ठिकाणी ते सापडतात. बंगालपासून सुरुवात करून ते उलगडताना मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. अशा मुक्कामातून काय उगवेल हे पाहुण्याच्या उत्साहापेक्षा यजमानाच्या मनावर अधिक ठरतं. जे घर तरुणाला शिकवतं आणि त्याला स्वतःचं मतही असू देतं, तेच घर माणसं घडवतं.

बंगालमधलं श्रीरामपूर, १८१२

१८१२ च्या जूनमध्ये ‘कॅरव्हॅन’ हे जहाज अमेरिकेतल्या सेलम बंदरातून चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला लागलं. त्यातून दोन जोडपी उतरली. अॅडोनायरम जडसन २३ वर्षांचा होता, त्याची पत्नी अॅन २२ वर्षांची. सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट अवघी १८ वर्षांची. दोन्ही लग्नं जहाज सुटण्याआधीच्या पंधरवड्यात लागलेली. अमेरिकेतून परदेशी धाडलेली मिशनरींची ही पहिली तुकडी होती आणि मिशनचं काम कसं चालतं हे यांच्यापैकी कुणीही जवळून पाहिलेलं नव्हतं.

बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरींनी त्यांना हुगळीतून होडीने श्रीरामपूरला नेलं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी डेन्मार्कच्या ताब्यातल्या या गावी बिऱ्हाड थाटलं होतं. तिघांची कमाई एका पेटीत जायची, जेवण एका दालनात व्हायचं. हॅना मार्शमन मुलामुलींच्या निवासी शाळा चालवून या सगळ्या पसाऱ्याच्या खर्चाला मोठा हातभार लावत होत्या.

पाहुणे आले ते संकटाच्या दिवसांत. ११ मार्चला छापखान्याला आग लागून कागद, टाइप आणि अनेक हस्तलिखितं जळाली होती. कॅरींनी वर्षानुवर्षं जमवत आणलेला बहुभाषी कोशही त्यात गेला. राखेतून अक्षरांचे ठसे मात्र शाबूत निघाले आणि वितळलेल्या धातूतून पुन्हा टाइप ओतायला सुरुवात झाली. पन्नाशी ओलांडलेला माणूस जळालेलं काम पहिल्या पानापासून कसं हाती घेतो, हे या तरुणांना तिथे राहून पाहता आलं. असा धडा कुठल्याही सेमिनरीच्या अभ्यासक्रमात बसत नाही.

त्या घरात आणखी एक धडा होता. कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली निघाला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. या कामामागे फोर्ट विल्यम कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांची विद्या होती. मिशनरीच्या हाताखाली शिकायला आलेल्याला इथे दिसे की खुद्द मिशनरी आणखी कुणाच्या तरी हाताखाली शिकतो आहे. परदेशी सेवाकार्याचे खरे शिक्षक बहुधा त्या देशातलेच असतात, आणि मिशनच्या इतिहासात त्यांची नावं बारीक अक्षरांत राहून जातात.

मतभेदाचा प्रसंगही लवकरच आला. अमेरिकन मंडळी काँग्रिगेशनल पंथाची, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारी. यजमान बॅप्टिस्ट, केवळ विश्वास धरलेल्या प्रौढांना बाप्तिस्मा देणारे. श्रीरामपूरकरांना उत्तर देता यावं म्हणून जडसनने प्रवासातच या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला होता. अभ्यास करता करता त्याचंच मत फिरलं. सप्टेंबरमध्ये जडसन दांपत्याने कलकत्त्यात वॉर्ड यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. ज्या संस्थेने पाठवलं तिचा आधार त्यामुळे सुटला. पुढे जडसन रंगूनला गेला आणि बर्मी भाषेत संपूर्ण बायबल आणण्यात त्याने हयात घालवली.

हेच श्रीरामपूर आपल्या घरच्या तरुणांबाबत मात्र इतकं मोकळं राहू शकलं नाही. कॅरींचा पुतण्या यूस्टेस आणि इंग्लंडहून आलेले इतर नवे मिशनरी यांचं ज्येष्ठांशी पटेना. कारभार कुणाच्या हाती, मालमत्ता कुणाची, यावरून वाद वाढले आणि तरुणांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली. पाहुण्याला स्वातंत्र्य देणं त्या मानाने सोपं असतं. वारसाला कामाचा हिस्सा देताना ज्येष्ठांचा कस लागतो.

मुंबईला पोचलेले दोघे

‘कॅरव्हॅन’च्या मागून दुसऱ्या जहाजाने गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आले. कंपनीने सगळ्यांनाच देश सोडायला फर्मावलं. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघालं. वाटेत हॅरिएटला मुलगी झाली, ती समुद्रावरच गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईस इथे हॅरिएटचाही अंत झाला. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिचं चरित्र आणि पत्रं वाचून अमेरिकेतल्या असंख्य मुली मिशनकार्याकडे वळल्या. आज तिची कहाणी सांगताना त्यागाबरोबरच तयारीचाही विचार व्हायला हवा. एवढ्या कोवळ्या वयात, गरोदरपणी, कुणाचंही छत्र नसताना तिला वणवण करावी लागली.

हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले. इथेही हद्दपारीची टांगती तलवार होती, पण गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे सतत अर्ज-विनंत्या करून ते टिकले. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या आणि १८१७ पासून मराठी पुस्तिका छापायला घेतल्या. याच मिशनच्या छापखान्यात पुढे जावजी दादाजी टाइपाचं काम शिकले आणि त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. पोथ्या-पंचांगांपासून काव्यमालेपर्यंत आपलं वाङ्मय सुबक छापणारा हात अशा ठिकाणी तयार झाला होता. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात हॉलना पटकी झाली आणि त्यातच ते गेले.

कोल्हापूरचा मुलगा आणि लाट

१८६३ साली कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या घरी रॉबर्टचा जन्म झाला. मिशनच्या घरात वाढलेला हा मुलगा पुढे प्रिन्स्टनला शिकायला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडी यांच्या शिबिरात सुमारे २५० विद्यार्थी जमले होते. रॉबर्टच्या खटपटीमुळे शिबिर संपेपर्यंत त्यांतले शंभर जण परदेशी सेवेला तयार झाले. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत सुमारे २०,००० तरुण मिशनकार्यासाठी देशोदेशी गेले.

एवढी माणसं गेली, पण ज्यांच्या दारी गेली त्यांना काय वाटत होतं? याचं उत्तर १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत वेदनायगम सॅम्युएल अझरिया या भारतीय पाळकाने दिलं. परदेशी मिशनरींचा त्याग आणि दानधर्म यांबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आणि पुढे स्पष्ट सांगितलं की आम्हाला हवी आहे ती मैत्री. त्याच्या पाच वर्षं आधी, १९०५ च्या नाताळात, श्रीरामपूरला कॅरींच्या ग्रंथालयातच भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली होती. त्यात अझरियांचा मोठा वाटा होता. शिकणाऱ्या देशाने स्वतःची माणसं पाठवायला तिथून आरंभ केला.

रमाबाई वाँटेजला

उलट्या दिशेचा सर्वांत मोलाचा दाखला आपल्याच घरचा आहे. १८८३ च्या मे महिन्यात २५ वर्षांच्या पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या सिस्टरांकडे राहायला गेल्या. या सिस्टरांची पुण्यातली ओळख होती. प्रवासखर्चाला त्यांच्या ‘स्त्री धर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. राहण्याखाण्याच्या बदल्यात रमाबाई भारतात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवणार होत्या. दोन्ही बाजूंनी देणंघेणं असलेला हा व्यवहार होता, आणि मला तो आजही आदर्श वाटतो. त्यामुळे रमाबाई आश्रित म्हणून राहिल्या नाहीत, शिक्षिका म्हणून राहिल्या.

त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधल्या फुलहॅम इथे याच संघाचं समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी घर होतं. तिथलं काम त्यांनी पाहिलं. ज्या बायकांना आपल्याकडे दारात उभं करत नाहीत त्यांची इथे मायेने सेवा होते, याचं त्यांना फार नवल वाटलं. असं का, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवला आहे. केडगावात त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढलं, त्याची मुळं या भेटीत आहेत.

पण वाँटेज हे सुखाचं माहेर नव्हतं. रमाबाईंच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपलं जीवन संपवलं. परक्या देशात, परक्या घरात मनावर केवढा ताण येतो, हे तरुणांना पाठवणाऱ्या प्रत्येकाने या घटनेवरून ध्यानात घ्यावं. ऐकू कमी येत असल्यामुळे रमाबाईंचा डॉक्टर होण्याचा विचार बारगळला आणि त्या चेल्टनहॅमला डोरोथिया बील यांच्या कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्याचा सिद्धांत, मनोरमेचं शिक्षण, अगदी क्रुसावरची अक्षरं कुठल्या भाषेत असावीत, इथवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी खटके उडाले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत असावं, असं रमाबाईंचं म्हणणं. एका परक्या सत्तेखालच्या देशातून आलेली तरुण बाई राज्यकर्त्यांच्या चर्चला सांगत होती की मी ख्रिस्ताची झाले, तुमच्या प्रत्येक नियमाची झाले नाही.

या वादाची पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली. ती पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ज्या शिष्येशी पटलं नाही तिचा शब्दन् शब्द जतन करणाऱ्या या गुरूबद्दल मला आदर वाटतो.

केडगावची उलटी शाळा

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ त्यांनी पाहिला, बालोद्यान पद्धतीचं शिक्षण घेतलं आणि परतून १८८९ साली मुंबईत मुलींसाठी शारदा सदन काढलं. सदन पुण्यात आल्यावर मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादातून आजच्या तरुण सेवकानेही एक गोष्ट उचलावी: आपण कशासाठी आलो आहोत, हे पहिल्या दिवशीच उघड सांगावं. लपवलेला हेतू उत्तम कामाचीही पत घालवतो.

दुष्काळात सोडवून आणलेल्या मुलींमुळे रमाबाईंनी केडगावात उभारलेलं मुक्ती मिशन १९०० च्या सुमारास जवळपास दोन हजारांचं गाव झालं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सगळं आवारातच. आणि इथे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून बायका येऊन राहू लागल्या. त्या वेळच्या रिवाजात गोरी बाई चालवी आणि देशी बाई मदत करी. मुक्तीत कारभार एका मराठी स्त्रीच्या हाती होता आणि परदेशी बायका तिच्या हाताखाली काम शिकत होत्या.

त्यांतल्या मिनी अॅब्रम्स १८८७ साली मेथडिस्ट डीकनेस म्हणून मुंबईत आल्या होत्या. १८९८ मध्ये त्या मुक्तीत दाखल झाल्या. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीवर त्यांनी पुस्तिका लिहिली आणि चिलीत राहणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, मेरी हूव्हरला, पाठवली. १९०९ मध्ये वालपारायसो इथे जी पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली तिला या पुस्तिकेतून चालना मिळाली. दौंडजवळच्या एका आवारात परदेशी पाहुणीने जे पाहिलं ते असं दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचलं.

आज जाणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्काम आखडले. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर दोन मित्रांसह मेक्सिकोला गेले, त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ आकाराला आलं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केलं. मोठी पदवी आणि आजीवन करार नसलेल्या तरुणांनाही त्यामुळे दारं उघडली, हे चांगलंच झालं. विमानप्रवास सोपा झाल्यावर मात्र आठ-दहा दिवसांच्या फेऱ्याही वाढल्या. तेवढ्यात भाषेचा गंध लागत नाही. ज्या भिंती गावच्या गवंड्याने मजुरी घेऊन बांधल्या असत्या त्या पाहुणे हौसेने बांधतात. यजमान कुटुंबाचे दिवस गाड्या, जेवणं आणि दुभाषाची सोय करण्यात जातात. अनाथाश्रमांतल्या मुलांना तर दर महिन्याला नव्या ताईदादाचा लळा लागतो आणि तुटतो. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा भेटींतून होणाऱ्या हानीची दखल घेतली.

म्हणून जाणाऱ्याला माझं सांगणं आहे की किमान एक ऋतुचक्र पूर्ण होईल इतकं राहा. पर्यटक म्हणून व्हिसा काढून सेवाकार्य करू नका. भारताने मिशनरींसाठी व्हिसाचा वेगळा वर्ग ठेवला आहे, इतर देशांचेही आपापले नियम आहेत. रमाबाईंनी मराठी दिली तसं आपल्याजवळचं एखादं पक्कं कौशल्य यजमानाला द्या. शिकवणी मिशनरीकडून घ्याच, पण भाषा आणि माणसांची रीत गावातल्या एखाद्या वैजनाथ शर्मांकडून शिका आणि त्यांचं नाव आपल्या प्रत्येक अहवालात लिहा. पाठवणाऱ्या मंडळीने महिन्याकाठी पैशांचा हिशेब विचारावा, तशी मनाचीही विचारपूस करावी.

आणि यजमान ज्येष्ठांना सांगायचं ते असं. तुमच्या घरी आलेली मुलगी वर्षभराने तुमच्यापेक्षा वेगळं मत घेऊन निघाली तर आपली मेहनत फुकट गेली असं समजू नका. जडसन संस्थेचं मत सोडून गेला आणि बर्मी बायबल उभं राहिलं. रमाबाईंनी वाँटेजचं ऐकलं नाही आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. आज्ञाधारक माणूस दिलेलं काम तेवढ्यापुरतं सांभाळेल. नवं काम उभं करायला आपल्या बुद्धीने आणि श्रद्धेने निर्णय घेणारा माणूस लागतो, आणि त्याला तसा निर्णय घेण्याचा सराव तुमच्याच घरात मिळायला हवा.