व्यवस्थापनाच्या पदवीचा ताळेबंद

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणावर केलेला खर्च वसूल होतो काय, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत बहुधा प्रवेशाच्या मोसमात, म्हणजे विचाराला उसंत नसतानाच निघतो, आणि त्याचे उत्तर संस्थेच्या माहितीपुस्तिकेत ठळक छापलेल्या एका आकड्यावरून देऊन टाकले जाते.

भारतात या शिक्षणाची पायाभरणी सरकारी पैशातून झाली. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, स्थापन झाल्या. पहिलीला अमेरिकेतील एमआयटीचे आणि दुसरीला हार्वर्डचे साहाय्य लाभले. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था सुरू केली. पुढे हा भार सरकारकडून विद्यार्थ्याकडे कसा सरकला, याचा उत्तम दाखला म्हणजे २००४ मधील शुल्कवाद होय. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमचे सुमारे दीड लाखाचे वार्षिक शुल्क ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला, त्यावर स्वायत्ततेच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि त्याच वर्षी सत्तांतर झाल्यावर अर्जुन सिंह यांनी तो आदेश मागे घेतला. अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क २००८ मध्ये साडेअकरा लाखांच्या घरात गेले आणि २०२२ पर्यंत २४ लाखांपुढे पोहोचले, म्हणजे २००४ च्या मानाने आठपट झाले. त्याच काळात देशातील सर्वसाधारण महागाई चौपटही झाली नव्हती.

एवढे शुल्क भरून विद्यार्थी नेमके काय विकत घेतो, याविषयी अर्थशास्त्रात दोन मते आहेत. गॅरी बेकर यांच्या ‘मानवी भांडवला’च्या सिद्धांतानुसार शिक्षणाने माणसाची उत्पादनक्षमता वाढते आणि त्यामुळे पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘संकेता’च्या सिद्धांतानुसार मात्र पदवी ही मुख्यतः अंगी आधीच असलेल्या कुवतीची खूण असते, उमेदवाराची कुवत नोकरी देणाऱ्याला थेट दिसत नाही, म्हणून तो या खुणेवर भरवसा ठेवतो. भारतीय अनुभव दुसऱ्या मताकडे झुकतो असे म्हणावे लागते, कारण २०१७ चा आयआयएम कायदा अमलात येईपर्यंत या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारच नव्हता, त्या केवळ पदविका देत, आणि तरीही कंपन्यांनी त्या भेदाची कधी फिकीर केली नाही. बाजार किंमत मोजत होता ती कागदाची नव्हे, तर कॅट या प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून पार पडण्याची. (देशातील सर्वांत प्रतिष्ठेची ‘एमबीए’ अर्धशतकाहून अधिक काळ एमबीए नव्हतीच, हा विनोद कोणी फारसा मनावर घेतला नाही.) जेथे चाळणीच नाही, तेथे संकेतालाही अर्थ उरत नाही.

खर्चाचा हिशेब शुल्कापाशी संपत नाही. त्यात ‘संधी खर्च’, म्हणजे शिक्षणासाठी सोडलेली मिळकत, धरावाच लागतो. वर्षाला ४ लाख मिळवणारा तरुण नोकरी सोडून दोन वर्षांसाठी १० लाख शुल्काच्या सामान्य खासगी संस्थेत गेला, तर ८ लाखांची मिळकत बुडते. शुल्कासाठी त्याने १० टक्के व्याजाने, सात वर्षांत फेडायचे १० लाखांचे कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ २ लाख येतो. आणि शिक्षण चालू असताना चढणारे व्याज यात धरलेलेच नाही. पदवीनंतर त्याला ६ लाखांची नोकरी मिळाली, तर पगारात झालेली २ लाखांची वाढ सात वर्षे जशीच्या तशी बँकेत जाते. त्या अवधीत जुन्या नोकरीतही पगार वाढलाच असता, हे ध्यानात घेतले तर हा व्यवहार सरळसरळ तोट्याचा ठरतो.

माहितीपुस्तिकेतील सरासरी पगाराचा आकडा हे सारे झाकतो. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना ६ लाख आणि एकाला ६० लाख मिळाले, तर सरासरी ११ लाख ४० हजार येते. पण ‘मध्यक’, म्हणजे चढत्या क्रमाने मांडणी केल्यावर मधोमध येणारे मूल्य, ६ लाखच राहते. शिवाय जाहीर होणाऱ्या ‘सीटीसी’त, म्हणजे कर्मचाऱ्यामागे कंपनीला येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली, म्हणजे मिळेलच अशी खात्री नसलेली, रक्कमही मिसळलेली असते.

तेव्हा कठीण चाळणीच्या मोजक्या संस्थांत प्रवेश मिळत असेल, तर मोठे कर्जही परवडते. जमनालाल बजाजसारख्या तुलनेने कमी शुल्काच्या विद्यापीठीय संस्थेत मिळत असेल, तर त्याहून किफायतशीर सौदा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. बाकीच्या बहुसंख्य संस्थांत पहिला हप्ता भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पगाराचा मध्यक, नोकरी न मिळालेल्यांची संख्या आणि त्रयस्थाने तपासलेला नोकरभरतीचा अहवाल. जी संस्था हे देण्यास टाळाटाळ करील, तेथे शुल्क भरू नये.