लोकप्रिय खेळ आणि बंद पडणारे स्टुडिओ

७ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने टोकियो येथील टँगो गेमवर्क्स हा व्हिडिओ गेम तयार करणारा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा या व्यवसायाशी चांगला परिचय असणाऱ्यांनाही त्याची संगती लागेना. या स्टुडिओचा ‘हाय-फाय रश’ हा संगीताच्या ठेक्यावर लढावयाचा खेळ जानेवारी २०२३ मध्ये कसलीही पूर्वप्रसिद्धी न करता बाजारात आला होता. समीक्षकांनी तो वाखाणला, खेळणाऱ्यांची संख्या तीस लाखांवर गेली आणि स्टुडिओवर कुऱ्हाड कोसळण्यापूर्वी जेमतेम महिनाभर अगोदर त्यातील अ‍ॅनिमेशनला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ज्याचा माल लोकांना आवडतो तो कारखानाच मालकाने बंद करावा, हे कोडे उलगडायचे कसे?

मालकाची हाव, हे उत्तर तोंडावर येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हाव तर खेळ काढला तेव्हाही होतीच.

व्हिडिओ गेमचा जवळजवळ सारा खर्च पहिली प्रत तयार होण्यापूर्वीच होऊन जातो आणि त्यातला मोठा हिस्सा पगाराचा असतो. खेळ बाजारात आला की तो खर्च चांगला की वाईट, हा प्रश्न निकालात निघालेला असतो. स्टुडिओ चालू ठेवावा की नाही हे ठरविताना मालक मागल्या खेळाच्या यशाचा हिशेब करीत नाही. पुढल्या खेळासाठी आणखी चार-पाच वर्षे पगार मोजावेत, की तोच पैसा अन्यत्र गुंतवावा, याचा करतो. अर्थशास्त्रात यालाच वैकल्पिक परिव्यय म्हणतात. व्याज नगण्य असते तेव्हा चार वर्षे वाट पाहणे परवडते. परंतु अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांवर नेला आणि दूरच्या उत्पन्नाचे आजचे मोल त्या प्रमाणात घटले. महामारीत घरी बसलेल्या ग्राहकांच्या बळावर वाढविलेले अंदाजही याच सुमारास खाली आले.

अर्थात जानेवारी २०२४ मध्ये जिचे बाजारमूल्य तीन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले, त्या कंपनीला एका छोट्या स्टुडिओचे पगार जड होते असे कोणी म्हणणार नाही. पण तिने २०२१ मध्ये टँगोची मालक कंपनी झेनिमॅक्स सुमारे ७५० कोटी डॉलरला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड सुमारे ६,९०० कोटी डॉलरला घेतली होती. एवढी रक्कम ओतल्यावर त्या विभागाकडे परतावा मागितला जाणारच, आणि मग कात्री लहानांवर आधी चालते.

याहून खोल कारण वर्गणीच्या पद्धतीत आहे. ‘हाय-फाय रश’ पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’ या मासिक वर्गणीच्या योजनेत उपलब्ध होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये या योजनेचे ३ कोटी ४० लाख वर्गणीदार होते. खासगी वाचनालयाचा सभासद महिन्याची वर्गणी भरून दहा पुस्तके नेतो. त्यातले कोणते पुस्तक किती पैशांचे धनी, हे ग्रंथपालाला सांगता येत नाही. तीस लाख खेळाडू म्हणजे तीस लाख खरेदीदार नव्हेत. शिवाय सुटसुटीत, आटोपशीर खेळ आवडीने खेळून माणूस आठवड्यात मोकळा होतो. वर्गणी चालू राहावी म्हणून मालकाला हवा असतो तो महिनोन् महिने न संपणारा खेळ. लोकप्रियता आणि उत्पन्न यांची फारकत येथे होते, आणि हिशेबात ज्याचा वाटा दाखविता येत नाही त्याची बाजू मांडायला बैठकीत कोणी उरत नाही.

या हिशेबाची मोठी उणीव अशी की, यंत्रे झाकून ठेवता येतात, जमलेला चमू ठेवता येत नाही. वर्षानुवर्षे एकत्र काम करून आलेली जाण कोणत्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून नोंदली जात नाही; म्हणून ती गमावल्याचा तोटाही दिसत नाही. गंमत अशी की, स्टुडिओ बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी याच विभागाच्या प्रमुखांनी, कंपनीला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे खेळ हवे आहेत, असे कर्मचाऱ्यांना सांगितल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले!

ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने टँगोचा चमू आणि ‘हाय-फाय रश’चे हक्क स्वतःकडे घेतले. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’मुळे आपल्याकडील महाविद्यालयीन मुलांना हे नाव अपरिचित नाही. एका कंपनीच्या वहीत ज्याची किंमत शून्य झाली होती, त्याला दुसऱ्या कंपनीने मोल दिले.

त्याच दिवशी बंद झालेल्या अमेरिकेतील अर्केन ऑस्टिनला मात्र असा ग्राहक मिळाला नाही. त्याचा २०१७ चा ‘प्रे’ जाणकारांच्या आवडीचा, तर २०२३ चा ‘रेडफॉल’ सपशेल फसलेला. त्या फसलेल्या खेळात इंटरनेटविना खेळण्याची सोय करून देणारी शेवटची सुधारणा मे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तीही स्टुडिओच्या गाशा गुंडाळण्याची घोषणा झाल्यानंतर.