अंगणातील द्राक्षवेल : पाने भरपूर, घड का नाहीत?

जुन्या नाशकात एखाद्या वाड्याच्या अंगणात किंवा दुकानाच्या पत्र्यापुढे मांडवावर चढविलेली द्राक्षवेल दिसते. सावली मिळते, पाने मिळतात, पण घड लागत नाहीत. मालक रोपवाटिकेला दोष देतो. आमच्या मते दोष बहुधा रोपाचा नसून कात्रीचा असतो.

थंड मुलखात हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपते व वर्षाला एकच छाटणी पुरते. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने ती वाढतच राहते. म्हणून नाशिक जिल्ह्यात दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला बागाईतदार गोडी छाटणी म्हणतात. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे लिहून ठेवले आहे. आजचा बागाईतदार छाटतो दोनदा, पण पीक एकदाच घेतो.

घरची मंडळी ऑक्टोबरची छाटणी कशीबशी करतात. एप्रिलची टाळतात, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ऐन उन्हाळ्यात दुकानापुढची सावली कोण तोडणार? गिऱ्हाईक उन्हात उभे राहील! पण पुढच्या वर्षीचा घड याच छाटणीनंतर डोळ्यात तयार होतो. साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत हे काम होते आणि त्याला भरपूर ऊन लागते. छाटणी मे अखेरपर्यंत लांबली की हे दिवस पावसाळी ढगांत सापडतात व काडी वांझ निघते. तेव्हा फळ हवे असेल तर दीड-दोन महिने मांडवावर हिरवी जाळी बांधावी. दोन्ही हवे म्हणून अर्धीच वेल छाटणे आम्हाला पटत नाही.

खरड छाटणीत ओलांड्यावरील प्रत्येक काडी एक-दोन डोळे ठेवून कापावी. कापातून पाणी गळते, त्याने घाबरू नये. फुटलेल्या काड्यांतील दाटी काढावी, उरलेल्यांचा शेंडा सात पानांवर खुडावा. फळछाटणीत मात्र काडी बुडाशी कापू नये, कारण थॉमसनसारख्या जातीत बुडाचे डोळे बहुधा फळ देत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काडीवर सहा-आठ डोळे ठेवावेत. तेथून चार-साडेचार महिन्यांनी द्राक्षे उतरतात. सटाणा, मालेगावकडे काही बागाईतदार आगाप मालासाठी पावसाळ्यातच फळछाटणी करतात. भाव चांगला मिळतो, पण जोखीम मोठी. घरच्या वेलीला ती नको.

आता धंद्याचे. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या बागांचे काम घेतात, एका वेलीसाठी कोणी येत नाही. कात्र्यांना धार लावणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी हे काम हेरावे. सिकेटरची पारख त्यांना आहेच (बोथट पाते काडी कापत नाही, चिरडते), वेलीची ओळख एका हंगामात होईल. वर्षातून दोनदा ठरलेले घर, ठरलेली मजुरी, शिवाय घरातील इतर कात्र्या-सुऱ्याही हाती येतात. जाड कापांवर लावायची बोर्डो पेस्ट स्वस्तात होते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. एका वेलीला याचा दहावा हिस्साही पुष्कळ. भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. बागेत डोळे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. मुलाबाळांच्या अंगणात ते आणू नये.