हरभऱ्याची मर आणि उपयोगी बुरशी

हरभरा हे आपल्या खानदेशातले रब्बीचे पीक. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते चांगले येते. पण कधी कधी हिरवेगार झाड चार दिवसांत मान टाकते. आपण म्हणतो, पाणी कमी पडले. पाणी देतो. झाड काही उठत नाही. उलट शेजारची झाडेही वाळू लागतात. बी गेले, मजुरी गेली, घरची डाळही गेली.

असे का होते?

वाळके झाड उपटा. बुंध्याजवळ खोड उभे चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर ती मर समजा. हा रोग फ्युजेरियम नावाच्या बारीक बुरशीमुळे होतो. ती मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. विहीर भरलेली आहे, पण पाट तुंबला, तर वाफा भिजेल का? झाडाचे तसेच होते.

ही बुरशी चिवट आहे. पीक नसले तरी सहा-सहा वर्षे मातीत टिकते. तुरीलाही मर लागते. ती हिच्याच भावकीतली.

मग उपाय काय?

सगळ्याच बुरशी वाईट नसतात. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी उपयोगी आहे. ती रोगाच्या बुरशीला वेटोळे घालते, तिचे कवच विरघळवते आणि तिला खाते. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. काट्याने काटा काढायचा, तो असा.

ती कशी वापरावी?

१. पेरणीआधी एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी चोळा. बी सावलीत सुकवा.

२. एक किलो भुकटी १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत ठेवा. वर ओले गोणपाट घाला. आठ-पंधरा दिवसांनी खत शेतात टाका. जमिनीत ओल हवी.

३. पुडी उन्हात ठेवू नका. तिच्यावरची तारीख वाचा. मुदत संपलेली पुडी घेऊ नका. आता तुम्हाला वाचता येते, दुकानदाराच्या बोलण्यावर जायचे कारण नाही.

४. बुरशी मारणारे औषध हिच्यात मिसळू नका. ते हिलाही मारील.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. वाळलेले झाड हिने जगत नाही. ही राखण आहे, आणि राखण चोर येण्याआधी बसवायची असते. म्हणून जोडीला दुसरी कामेही करा. रोगट झाडे उपटून जाळा. त्याच शेतात दरवर्षी हरभरा घेऊ नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले विजय आणि दिग्विजय हे वाण मरीपुढे टिकाव धरतात. असे बी निवडा.

पेरणीच्या आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटा. पुडी कुठे मिळते ते विचारा. पीक वाळल्यावर विचारून काय उपयोग?