११ महिन्यांची केळी

ऊतिसंवर्धनाच्या खोलीत केळीचा वास येत नाही, येतो तो स्पिरिटचा. रावेर-यावलकडे पूर्वी कंदांनी भरलेल्या गाड्या दिसत. आता शहराकडून शेताकडे निघालेले रोपांचे टेम्पो दिसतात. ही रोपं जन्मतात कुठे, ते पाहायला मी जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत गेले.

गाळलेल्या हवेच्या झोतासमोर एक तरुणी बसली होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. चिमटा आणि पातं तापवायचं, निवू द्यायचं, बाटलीतला कोंबांचा झुबका बाहेर काढायचा, कापून सुटा करायचा आणि नव्या बाटलीत, साखर-क्षार घातलेल्या आगारवर रोवायचा. पुन्हा पातं तापवायचं. ते निवायच्या आत टेकलं तर कोंब भाजतो. जराशी हयगय झाली की काही दिवसांत बुरशी धरते आणि अख्खी बाटली बाद. पुढे मुळं फुटणं, हरितगृह, पिशव्या, हे सगळं मी पाहिलं; पण पाय पुन्हा तिच्याच टेबलाकडे वळले. केवढी जोखीम त्या बोटांवर!

"११ महिने, ताई," यावल तालुक्यातल्या एका बागायतदारानं सांगितलं. कंदाच्या बागेला दीड वर्ष लागायचं, शिवाय झाडं मागेपुढे निसवायची. कंदासोबत सूत्रकृमी आणि सोंडकिडाही शेतात यायचे. १९९०च्या दशकात भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशननं ठिबकच्या जोडीला ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं आणली आणि खान्देशातल्या केळीचं वेळापत्रकच बदललं. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ झाडं, सगळी एका वयाची, सगळी जवळपास एकदम कापणीला. सोसायटीचं कर्ज अंगावर असलेल्या माणसाला ११ महिन्यांची किंमत मी सांगायला नको.

पण तलवारीसारख्या पानांचा मुनवा, म्हणजे कंदाला फुटलेला कोंब, नेमका ओळखून काढणारी म्हातारी नजर आता बांधावर कुणाला लागत नाही. बसराई, श्रीमंती या जुन्या जातींची नावं आठवणीतच राहायला लागली आहेत. ही गोष्ट मला हळहळीपेक्षा धोक्याची वाटते. खाण्याच्या केळीला बी नसतं. शेतातलं प्रत्येक झाड एकाच झाडाचा तुकडा. लॅटिन अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर या बुरशीजन्य रोगानं अशाच एकसाथ गेल्या. त्याच बुरशीचा, ग्रँड नैनलाही मारणारा, नवा प्रकार बिहार-उत्तर प्रदेशात येऊन पोचला आहे. ती मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि औषधाला दाद देत नाही.

'हरण्या' हा विषाणूजन्य रोग तर इथे घरातच आहे. काकडीवर्गीय पिकांवरून मावा हा विषाणू आणतो, पानं पिवळ्या पट्ट्यांनी चिरतात आणि झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. प्रयोगशाळेतून रोप निरोगी निघालं तरी शेतात मावा आहेच. म्हणून जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जुन्या जाती जपणं आणि वेगवेगळ्या जातींची रोपं शेतकऱ्याला परवडतील अशा भावात मिळणं, ही मला नव्या प्रयोगशाळेइतकीच तातडीची कामं वाटतात.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या त्या मुलीशी बोलणं झालं. तिच्या वडिलांचीही बाग आहे. हरण्यामुळे त्यांनी गेल्या पावसाळ्यात रोपं उपटली आणि पुन्हा लावली, तीही उधारीवर.

"यंदा अर्ध्या शेतात मका घेतलाय बाबांनी," ती म्हणाली. "अर्ध्यात केळीच. ११ महिने थांबता येतं, त्याहून जास्त नाही."